रिकाम्या रकान्यात काय लिहावं

श्राद्धाच्या संकल्पात गोत्र उच्चारावं लागतं. ज्याला आपलं गोत्र ठाऊक नाही त्यानं काश्यप म्हणावं, अशी सोय शास्त्रानं करून ठेवली आहे. नाशकात रामकुंडावर ही सोय कुणी ना कुणी रोज वापरत असतं. गुरुजी विचारतात, "गोत्र?" यजमान बायकोकडे बघतो, बायको गावाकडे सासूबाईंना फोन लावते, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत गुरुजी काश्यप म्हणून पुढे सरकलेले असतात. विस्मरण झालं म्हणून पितराला पिंड मिळू नये, असं कधी होत नाही. या सोयीमागची करुणा मला मनापासून पटते. तरीही हाच काश्यप संगणकातल्या एका संग्रहात शिरू पाहत होता, तेव्हा मी त्याला अडवलं. का अडवलं, आणि तसं करताना मी धर्माच्या बाजूनं होते की विरुद्ध, याचा विचार मला अजून सोडत नाही.

पंचवटीतल्या एका तीर्थोपाध्याय घराण्याच्या वह्या माझ्यापुढे आहेत. लांबट पानांच्या, लाल कापडात बांधलेल्या. त्यांची मांडणी गावाप्रमाणे, आणि गावात आडनावाप्रमाणे. यजमान आला की त्याच्या घराण्याचं पान काढायचं, पूर्वी कोण कोण येऊन गेलं ते वाचून दाखवायचं, आणि मग आलेल्या माणसाकडून त्याच्याच हातानं लेख घ्यायचा: नाव, बापाचं नाव, भाऊ, मुलगे, कशासाठी आलो. आमच्या वंशातलं पुढे जो येईल त्यानं यांनाच उपाध्याय मानावं, अशी ओळही पुष्कळ ठिकाणी असते. जुनी पानं मोडीत, अलीकडची बाळबोधीत. घरातल्या तरुणांनी पानांची छायाचित्रं काढली आणि ती शोधता येतील असा संग्रह उभा करण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं आयुष्य ग्रंथालयाच्या नोकरीत गेलं, त्यामुळे तालिका करणं मला नवं नाही.

त्यासाठी डीस्पेस निवडलं. एमआयटीची ग्रंथालयं आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून २००२ मध्ये ही प्रणाली खुली केली; आपल्याकडचे पीएचडीचे प्रबंध जिथे ठेवतात ते शोधगंगा याच प्रणालीवर चालतं. पोस्टग्रेस हा माहितीसाठा बसवा, सोलर हे शोधयंत्र बसवा, मागची बाजू आणि पुढची बाजू एकमेकांशी बोलती करा, हे सगळं चिकाटीचं काम आहे. त्याबद्दल इथे जास्त सांगत नाही. ते संपलं की काळ्या पडद्यावर एक आज्ञा देऊन पहिला ॲडमिन तयार करावा लागतो. तोवर त्या संग्रहात दोनच गट असतात. एक ॲडमिनिस्ट्रेटरचा. दुसऱ्याचं नाव ॲनॉनिमस, अनामिक. या दुसऱ्या गटात कुणाची नावं घालावी लागत नाहीत, कारण जगातला प्रत्येक जण आपोआप त्यात असतो. आजच्या हयात माणसांची पानं या अनामिकांना दिसणार नाहीत, एवढं बंधन घालून मी फॉर्मकडे वळले. खरा प्रश्न तिथे होता.

नोंद भरण्याच्या फॉर्ममध्ये काही रकाने सक्तीचे असतात. मुळात दिलेल्या मांडणीत तारीख सक्तीची आहे. निदान वर्ष तरी भरा, असं ती बजावते आणि पुढे जाऊ देत नाही. माझ्यासमोर जे पान होतं त्यावर प्रमोदनाम संवत्सर आणि कार्तिक महिना एवढंच होतं. शक नव्हता. संवत्सराचं नाव साठ वर्षांनी परत येतं. म्हणजे हे शके १७९२, अथवा शके १८५२. १८७० साल किंवा १९३०. दोन पिढ्यांचं अंतर. मदतीला आलेली मुलगी म्हणाली, "काकू, एकोणीसशे तीस टाकू का? नाहीतर पुढचं पान उघडतच नाही." तिचं काय चुकलं? दार उघडायला यंत्र जे मागत होतं ते ती देत होती.

नोंदीच्या या रकान्यांचं मूळ डब्लिन कोअर नावाच्या प्रमाणात आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ जमले, तिथून ते सुरू झालं. त्याची पंधरा अंगं आहेत आणि त्यांतलं एकही सक्तीचं नाही. एखादं अंग गाळता येतं, एखादं दोनदा देता येतं. सक्ती येते ती नंतर, फॉर्म रचणाऱ्याच्या हातून; एका फायलीतल्या एका ओळीनं. म्हणजे त्या मुलीला खोटं लिहायला लावणारं 'यंत्र' म्हणजे कुठेतरी बसलेला माझ्यासारखाच कुणी माणूस. मी ती ओळ काढली. तारखेशेजारी आणखी एक रकाना केला आणि त्यात दोन्ही शक लिहायची सोय ठेवली.

मग काश्यप आला. डीस्पेसमधल्या शेकडो नोंदी एका तक्त्यात बाहेर काढता येतात, तिथे दुरुस्त करून परत आत घेता येतात. एका उत्साही मदतनिसानं तसा तक्ता घेतला आणि गोत्राच्या स्तंभात जिथे जिथे जागा रिकामी होती तिथे वरून खाली काश्यप ओढत नेला. आत घेण्यापूर्वी नुसती तपासणी करण्याचा पर्याय असतो; तो वापरला म्हणून काय काय बदलणार आहे त्याची लांबलचक यादी माझ्यापुढे आली. या तक्त्याची एक गोष्ट मला तेव्हापासून फार विचार करायला लावते. त्यात रिकाम्या घराचा अर्थ 'माहीत नाही' असा होत नाही. नोंदीत आधी काही असेल तर 'ते पुसून टाक' असा होतो. रिकामं सोडणं हीसुद्धा तिथे एक आज्ञा असते.

घराण्यातले वडीलधारे गुरुजी ऐंशीच्या पुढचे आहेत. मी त्यांना यादी दाखवली. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. ते म्हणाले, "ताई, जेवायला आलेल्याचं नाव माहीत नाही म्हणून त्याचं पान मांडायचं नाही का? काश्यप हे ते पान आहे. सगळी प्रजा कश्यपाची, मग खोटं कुठे झालं?"

हे उत्तर मोठं आहे आणि मी ते हलक्यानं घेतलं नाही. त्यावर मला जे सुचलं ते मीमांसेतून आलं. मीमांसकांनी वाक्यांमध्ये एक भेद केला आहे: काही वाक्यं काही करायला सांगतात, काही केवळ जे आहे ते सांगतात, आणि दोहोंना एकच कसोटी लावता येत नाही. संकल्पातला काश्यप कृतीसाठी आहे. तिथे हात पुढे झालेला आहे, दर्भ धरलेला आहे, पाणी सोडायचं आहे. उच्चाराशिवाय ते पाणी अडून राहील. वही मात्र साक्ष देते. या दिवशी हा माणूस आला आणि त्यानं हे सांगितलं, एवढंच तिचं म्हणणं. त्यानं गोत्र सांगितलं नसेल आणि वहीनं काश्यप म्हटलं, तर जे खरोखर काश्यप आहेत ती घराणी आणि ज्यांना आठवलं नाही ती घराणी यांच्यातला फरक कायमचा मिटला. उद्या त्याच वंशातली एखादी मुलगी आजोळच्या कागदांतून आपलं खरं गोत्र शोधून आली, तर तिला खोटं पाडणारा पुरावा तिच्याच पणजोबांच्या नावावर उभा असेल. दानात उदार व्हावं. साक्षीत उदार होता येत नाही.

गुरुजी थोडा वेळ थांबले. मग त्यांनी स्वतःच त्र्यंबकेश्वराला होणाऱ्या त्रिपिंडी श्राद्धाची आठवण काढली. कोणता पितर अतृप्त आहे हे तिथे ठाऊक नसतं, म्हणून पिंड देताना नाव आणि गोत्र यांचा उच्चारच करत नाहीत. ज्याला नाव नाही त्याला नाव न देताच बोलावायचं, हाही मार्ग परंपरेत आहे तर. मी म्हटलं, मला वहीसाठी तोच हवा आहे.

पण नुसतं रिकामं सोडूनही भागत नव्हतं, हे पुढच्या काही आठवड्यांत कळत गेलं. संगणकाच्या कोष्टकांचा पाया एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना घातला. गैरहजर माहितीसाठी तिथे एक खूण असते. ती शून्य नसते आणि कोरी जागाही नसते. तिला नल म्हणतात. दोन नल एकमेकांसारखे आहेत का, असं विचारलं तर पोस्टग्रेस हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. दोघेही अज्ञात, मग सारखे कशावरून? हा विवेक मला आवडतो. पण पुढे कॉडनाच एक खूण अपुरी वाटू लागली. १९९० च्या पुस्तकात त्यांनी दोन खुणा सुचवल्या: माहिती असायला हवी पण हाताशी नाही, त्याची एक, आणि माहिती लागूच होत नाही, त्याची दुसरी. प्रचलित प्रणालींनी ती सूचना उचलली नाही.

आपल्याकडे वैशेषिकांनी हा विचार फार आधी आणि फार बारकाईनं केला होता. कणादांच्या सहा पदार्थांना पुढच्या आचार्यांनी अभाव हा सातवा जोडला. नसणं हीसुद्धा जगातली एक वस्तुस्थिती आहे, आणि तिचे चार प्रकार आहेत. तर्कसंग्रह वाचणाऱ्या मुलांना ते पाठ असतात. मला ते या वह्यांत एकेक करून भेटले. बाळाचं नाव ठेवायच्या आधीच लेख लिहिला गेला आणि 'पुत्र एक' एवढंच राहिलं: हा प्रागभाव, नाव तेव्हा व्हायचं होतं. १९६९ च्या महापुराचं पाणी ज्या गठ्ठ्यात शिरलं त्याच्या खालच्या कडेची अक्षरं विरघळून गेली आहेत: हा प्रध्वंसाभाव, होतं ते गेलं. तपोवनातल्या एका संन्याशानं केलेल्या नोंदीत गोत्र नाही. ते राहून गेलेलं नाही. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध करून घर आणि गोत्र मागे टाकतो, त्याला गोत्र विचारणंच गैरलागू. अत्यंताभावाजवळचं हे उदाहरण, आणि कॉड यांची दुसरी खूण नेमकी याच्यासाठी. चौथा अन्योन्याभाव, एकाच गावचे, एकाच आडनावाचे दोन गणपत, आणि हा तो नव्हे. तालिका करणाऱ्याचा निम्मा वेळ या चौथ्याच्या पायी जातो.

म्हणून मी फॉर्ममध्ये आणखी एक यादी जोडली. रकाना रिकामा असेल तर तो कशामुळे रिकामा आहे ते निवडायचं: सांगितलं नाही, तेव्हा झालं नव्हतं, होतं पण नष्ट झालं, लागू नाही, आहे पण अजून वाचता आलेलं नाही. शेवटचा पर्याय मोडीसाठी. तो वैशेषिकांकडे नाही, कारण तिथे नसणं वस्तूत नसून आपल्या डोळ्यांत आहे.

इथपर्यंत हे काम मला शास्त्रशुद्ध आणि समाधानाचं वाटत होतं. नंतर एक गृहस्थ आले. त्यांना आपल्या घराण्याच्या पानाची छापील प्रत हवी होती, जमिनीच्या वादासाठी. आजोबांना चार मुलगे होते, मुलगी नव्हती, हे त्यांना दाखवायचं होतं, आणि वहीत खरोखरच चार मुलगे होते. १९५६ चा वारसा कायदा आणि २००५ ची त्याची दुरुस्ती यांनी मुलीला जे दिलं ते या एका पानानं परत घेता आलं असतं. ज्या आत्येबद्दल वाद होता ती हयात नव्हती. तिची मुलं वेगळ्या आडनावाची होती.

ज्ञानशास्त्रातली एक गोष्ट माझ्या मदतीला आली. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कसं कळतं? कुमारिलांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, न दिसणं हेच त्याचं प्रमाण, अनुपलब्धी. पण त्याला एक अट आहे. घडा तिथे असता तर दिसला असता, इतका प्रकाश आणि इतकी योग्यता हवी. अंधारात घडा दिसला नाही यावरून घडा नाही असं ठरत नाही. या वह्या त्या काळात मुलींच्या बाबतीत अंधारातच होत्या. पुरुषांची नावं एकेक करून, आणि बायका व लेकी मिळून 'सकुटुंब'. मुलगी असती तर वहीत दिसली असती, असं म्हणताच येत नाही. म्हणून तिच्या न दिसण्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

आणि हे घराणं श्राद्धाला बसलं असेल तेव्हा? महालयात आई, आजी, आत्या, मावशी, बहीण, लेक, सगळ्यांना पिंड असतो. पंधरवड्यातल्या एका दुपारी जिचं नाव घेऊन पाणी सोडलं, तिचं नाव त्याच गुरुजींच्या वहीत नाही. क्रियेनं तिला ओळखलं आणि नोंदीनं ओळखलं नाही. हे मला फार लागलं. त्या दिवशी मी छपाईच्या साच्यात बदल केला. आता त्या काळातलं कोणतंही पान छापलं की त्याखाली येतं: या वह्यांत त्या वेळी मुलींची नावं लिहिण्याची रीत नव्हती, त्यांचा अनुल्लेख हा पुरावा मानू नये. गृहस्थ प्रत न घेता गेले.

रिकामेपणाची कारणं लिहिण्याची सवय लागल्यावर मी प्रमोद संवत्सराच्या त्या पानाकडे परत आले. १९३० हा आकडा नाशकात नुसता आकडा राहत नाही. त्या वर्षी २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी पुढे होते. हजारो माणसं आली आणि मंदिराची दारं बंद राहिली. तो लढा पुढे काही वर्षं चालला, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. त्या काळातली जी पानं आतापर्यंत वाचून झाली आहेत त्यांत या माणसांपैकी एकाचंही नाव मला सापडलेलं नाही. मंदिर आणि हे घर यांत फार अंतर नाही.

हे कोणत्या प्रकारचं नसणं? सांगितलं नाही? लागू नाही? नष्ट झालं? माझ्या यादीतलं एकही कारण पुरेना. लिहू दिलं नाही, असा नवा पर्याय घालायला मी बसले आणि तिथे अडले. तो पर्याय निवडायला आधी नोंद हवी. नल ही खूण ओळीतल्या एखाद्या रकान्यात असते. ज्याची ओळच नाही त्याच्यासाठी कुठल्याही कोष्टकात जागा नाही. सगळी नसणी मोजून झाली असं मला वाटत होतं, आणि सर्वांत मोठं नसणं मोजमापाच्या बाहेर उभं होतं. इथे नैयायिकांची मदत झाली. अभाव म्हटला की दोन गोष्टी सांगाव्या लागतात: काय नाही, आणि कशात नाही. मी दुसऱ्या गोष्टीचं उत्तर पानात शोधत होते. ते पानात नव्हतं. अभाव अख्ख्या संग्रहात होता, तेव्हा तो संग्रहावरच नोंदवायला हवा होता. डीस्पेसमध्ये प्रत्येक संग्रहाला प्रास्ताविक मजकुराची जागा असते. बहुतेक जण तिथे स्वागताच्या चार ओळी घालतात.

मी मजकूर लिहिला आणि गुरुजींना वाचून दाखवला. त्यांचे पुतणे अस्वस्थ झाले. आपल्या घराण्यानं कुणाला हाकललं असं यातून वाटेल, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनी माझाच युक्तिवाद माझ्यावर उलटवला. "ताई, आम्ही कुणाला परत पाठवलं असा एकही लेख वहीत नाही. मग तुम्ही ते कशावरून धरता?"

मी म्हटलं, "गुरुजी, परत पाठवलं असतं तर ते वहीत लिहिलं असतं का?"

ते गप्प राहिले. कितीतरी वेळ. जे आपल्या मुलीच्या बाबतीत खरं, ते आपल्या दोषाच्याही बाबतीत खरंच असणार. वहीनं न सांगितलेल्यावरून आत्या नव्हती असं ठरत नसेल, तर आम्ही अडवलं नाही असंही ठरत नाही. आणि अडवलं होतं असंही त्यावरून ठरत नाही. म्हणून मजकुरात मी तसं म्हटलेलं नव्हतं. सत्याग्रहाची तारीख होती, मंदिराच्या बंद दारांची गोष्ट होती, आणि एक वाक्य असं होतं की या वह्यांत नाव नाही यावरून ते लोक गोदावरीवर आलेच नाहीत असं कुणी समजू नये. त्याआधीचं वाक्य होतं, या वह्यांत यजमानांचीच नावं आहेत.

गुरुजींनी कागद मागून घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला आणि त्या वाक्यात एक दुरुस्ती सांगितली. या वह्यांत आम्ही ज्यांना यजमान मानलं त्यांचीच नावं आहेत, असं करा. पुतण्यांनी आम्ही हा शब्द कशाला असं विचारलं. "मग कोणी मानलं?" एवढंच ते म्हणाले.

वाक्य तसंच घातलं आहे. संग्रहाच्या पहिल्या पानावर, वह्यांच्या यादीच्या वर ते येतं, आणि वाचण्यासाठी लॉगिन लागत नाही. आडनावांच्या क्रमानं पुढचा गठ्ठा निफाडच्या बाजूच्या गावांचा आहे. त्यातली मोडी बारीक आहे आणि निम्म्या पानांवर शक नाही.